दुसऱ्या मजल्यावरची बस्त

शुक्रवारी सकाळी बेल वाजली, गिरिजानं दार उघडलं, आणि तिची नजर आधी गेली ती महीन खानुमच्या हातातल्या पातेल्यावर. वरच्या मजल्यावरून महीन खानुम पातेलं घेऊन यायच्या ते नेहमी भरलेलं असायचं. वर जाड फडकं, फडक्याखालून केशराचा वास, आणि "फार नाही, शुभ्रासाठी थोडंसं" हे ठरलेलं वाक्य. आज पातेल्यात शिजलेलं काहीच नव्हतं. गाठ मारलेल्या पिशवीत कच्चे तांदूळ होते, दोन कांदे होते. काखेत उशी. गिरिजा "या या" म्हणेपर्यंत त्या आत आल्याही होत्या, आणि पायातले बूट काढून त्यांनी बाहेरच्या रॅकवर न ठेवता आत आणून सोफ्याच्या बाजूला भिंतीशी नीट लावून ठेवले. बाहेर बूट दिसले की माणूस आत आहे हे कळतं. म्हणजे या लपायला आल्यात की काय, असं गिरिजाच्या मनात येतंय तोवर त्या आपल्या शाळामास्तरणीच्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "दोख्तरम, मी तुझ्याकडे बस्त घ्यायला आले आहे." दोख्तरम म्हणजे फारसीत, अगं माझ्या मुली. आणि बस्त म्हणजे काय, हे आखातातल्या या सगळ्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत महीन खानुमखेरीज दुसऱ्या कुणाला माहीत असेल तर ते गिरिजाला. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं, की त्या हसत नाहीयेत.

हसायचं कारण तसं जुनं नव्हतं. गेल्या थंडीत दोघी इब्न बतूता मॉलमध्ये त्या निळ्या इराणी घुमटाखाली कॉफी घेत बसल्या होत्या. महीन खानुम मान वर करून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे याच्याखाली नमाज पढतात, इथे कॉफी विकतात, आणि कॉफीही वाईट," आणि गिरिजानं एकदम, इतके दिवस कुणीच न विचारल्यामुळे आत साचून राहिलेलं, सांगून टाकलं होतं, की तिनं पुण्यात एमएला प्रबंधिका लिहिली ती इराणमधल्या राज्यघटनेसाठीच्या चळवळीवर. "तू? पुण्यात? का?" का म्हणजे, बाकीच्यांनी शिवकाल घेतला, पेशवाई घेतली, उरलं ते तिच्या वाट्याला आलं. पण मग ते उरलेलं तिच्या अंगातच शिरलं. वर्गातल्या मुली साखरपुड्याच्या साड्या बघत हिंडत होत्या तेव्हा ही जयकर ग्रंथालयात पंख्याखाली बसून तेहरानच्या साखरेच्या व्यापाऱ्यांच्या पायांच्या तळव्यांवर मारलेल्या छड्यांबद्दल वाचत होती, आणि घरी येऊन आईला सांगत होती, की साखर महागली म्हणून मारलं गं त्यांना, आणि तिथून पुढे सगळं पेटलं. आई म्हणायची, आपल्याकडेही महागलीय, आणताना बघून आण. मग १९०६च्या उन्हाळ्यातली ती बस्त. हजारो माणसं, व्यापारी, मुल्ला, टोपीवाले, शिंपी, तेहरानमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत जाऊन बसली. लढायला नाही, नुसती बसायला. प्रत्येक धंद्याचा वेगळा तंबू, मोठाल्या कढया, आणि संध्याकाळी झाडाखाली कुणीतरी उभा राहून इतरांना समजावतोय की कायदा म्हणजे काय, संसद म्हणजे काय. जुनी रीतच होती ती. ज्याच्यापर्यंत राजाचा हात पोचत नाही अशा जागी जाऊन बसायचं. दर्ग्यात, तारऑफिसात, परक्याच्या बागेत. मागणी मान्य होईतो उठायचं नाही, आणि ज्याच्याकडे बसलोय त्यानं हाकलायचं नाही. शहा नमला. संसद मिळाली. महीन खानुम म्हणाल्या, माझे आजोबा होते त्या बागेत, टोपीवाल्यांच्या तंबूत. आमच्या घरी अजून सांगतात, की ब्रिटिशांचे गुलाबाचे ताटवे तुडवले गेले म्हणून आजोबांना जन्मभर वाईट वाटत राहिलं. दोघी खूप हसल्या. आणि त्या हसण्याच्या भरात, कुणीतरी आपल्याला पुन्हा हुशार समजतंय या सुखात, गिरिजा म्हणून गेली, "तुम्हांला कधी लागलीच तर माझ्याकडे घ्या बस्त. माझं घर म्हणजे तुमची वकिलात." असं आपण म्हणतोच. दारात निरोप देताना आपण प्रत्येकाला सांगतो, घर आपलंच आहे, केव्हाही या. आजवर कुणी उशी घेऊन आलं नव्हतं.

"मम्मा, व्हाय इज महीन आन्टी कुकिंग इन अवर किचन?" शुभ्रानं विचारलं, कारण महीन खानुम तोवर स्वयंपाकघरात तांदूळ धुवायला लागल्या होत्या. गिरिजा पुढे झाली, "अहो, हे काय, मी करते ना, तुम्ही बसा." त्यांनी तिचा हात बाजूला केला. तुझं खाल्लं तर मी पाहुणी. पाहुणीला कधीतरी उठावं लागतं. बस्त घेणाऱ्यानं आपलं आपण शिजवायचं. हे वाक्य गिरिजाला पाठ होतं, म्हणजे असल्याच अर्थाचं एक वाक्य तिनं स्वतः तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, संदर्भासकट. तेव्हा तिला कळलं नव्हतं, की त्या वाक्याला कांद्याचा वास असतो, आणि ते कुणाच्यातरी ओट्यावर घडतं.

मग महीन खानुम बोलल्या, तांदळाकडे बघत. नीलूफर, त्यांच्या मुलीची मुलगी, तेहरानला विद्यापीठात शिकते. निवडणुकीचा निकाल लागला, लोक आमची मतं कुठे गेली म्हणत रस्त्यावर आले, तशी हीही गेली. रविवारपासून घरी आलेली नाही. फोन लागत नाहीत. लागला एकदा, तेव्हा माझी मुलगी नुसती रडत होती. तुरुंगाच्या फाटकाबाहेर आया बसताहेत, नावं विचारताहेत. माझी मुलगी तिथे एकटी बसली आहे. मला जायचंय. "आणि कामराननं माझा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत ठेवलाय. माझ्या भल्यासाठी." भल्यासाठी हा शब्द त्यांनी कांदा चिरताना उच्चारला. "वर बसून राहिले तर मी रुसलेली म्हातारी. जेवली नाही तर औषध देतील. दुसऱ्याच्या घरात बसले तर ती बस्त. वर चिठ्ठी ठेवून आलेय, त्यानं पासपोर्ट आणून माझ्या हातात ठेवावा. मी उठेन."

कामरान म्हणजे त्यांचा मुलगा, आणि कामरान म्हणजेच येत्या रविवारपासून गिरिजाच्या नवऱ्याचा, सुजीतचा, बॉस. गिरिजाला हे ताबडतोब आठवलं, आणि इतक्या ताबडतोब आठवलं याचाच तिला राग आला. जबल अलीच्या गोदामात आठ वर्षं लॉजिस्टिक्स सांभाळलेल्या सुजीतला मेच्या अखेरीस कंपनीनं एका दुपारी खलास म्हटलं होतं. व्हिसा रद्द झाला की महिनाभराची मुदत. त्यात दुसरा स्पॉन्सर मिळाला तर ठीक, नाहीतर सामान बांधा. त्या महिन्यात गिरिजा खिडकीशी उभी राहून समोरच्या बाल्कन्या बघायला शिकली. कुठल्या बाल्कनीतलं वाळत घातलेलं दिसेनासं झालं, कुठली सायकल तशीच राहिली. शुभ्राच्या शाळेच्या बसमध्ये मुलं विरळ होत चालली. एक दिवस शुभ्रानं बसमधून उतरताच विचारलं, "मम्मा, आर वी ऑल्सो कॅन्सल्ड?" गिरिजानं भर उन्हात तिला उचलून घेतलं होतं, पाच वर्षांच्या मुलीला, आणि नाही गं म्हणत तसंच लिफ्टपर्यंत नेलं होतं. मुदत संपायला आली तेव्हा महीन खानुमच म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला माझ्या मुलाकडे पाठव. मी सांगते." कामरानचा देऱ्याच्या बाजारात पिस्ते-केशराचा व्यापार. त्याला गोदाम सांभाळणारा माणूस हवा होता, निदान आईनं सांगितल्यावर हवासा झाला. म्हणजे नोकरी या बाईंच्या शब्दावर मिळालेली, आणि ती जायची तर याच बाईंच्या पायी. गिरिजाला वाटलं, कुणीतरी मुद्दाम बसून हे असं जुळवलं असणार. पण जुळवणारं कुणी नव्हतं. नुसती एक इमारत होती, तिच्यात वर एक कुटुंब, खाली एक.

सुजीत करामाच्या बाजारातून भाजी घेऊन आला तो घामानं निथळत. पिशव्या ओट्यावर ठेवताना त्यानं महीन खानुमना "सलाम, सलाम" केलं, परकं पातेलं पाहिलं, सोफ्यावरची उशी पाहिली, आणि बायकोला बेडरूममध्ये बोलावून दार लोटलं.

"हे काय चाललंय?"

तिनं सांगितलं.

"बस्त म्हणजे?"

"म्हणजे... आश्रय. त्या उठत नाहीत तोवर आपण उठा म्हणायचं नाही."

"कोण म्हणतं?"

"रीत आहे तशी."

"अगं कुणाची रीत? आपली? तू देशपांड्यांची मुलगी, कोथरूडची. आपण कधी घेतली होती बस्त?" सुजीत असा चिडला की विनोदी बोलायचा, आणि त्या विनोदानं ती जास्त चिडायची. "रविवारी जॉइन व्हायचंय मला. व्हिसाचे पेपर्स अजून टाइप व्हायचेत. त्याला कळलं, की त्याची आई आपण घरात कोंडून ठेवलीय—"

"कोंडून त्यानं ठेवलंय! पासपोर्ट कुणाकडे आहे?"

"माझाही कंपनीकडेच होता आठ वर्षं. मी बसलो का कुणाच्या घरी उशी घेऊन?"

खरंच, हा का बसला नाही? आणि आपण? तिच्या स्वतःच्या व्हिसावर हाऊसवाइफ छापलेलं होतं, नवऱ्याच्या जिवावर राहणारी, काम करायला मनाई. इराणच्या पहिल्या निवडणूक कायद्यात मत कुणाला नाही त्यांची रांग होती. बायका, अज्ञान मुलं, ज्यांना पालक लागतो ते, दिवाळखोर, चोर, खुनी. त्या रांगेवर तिनं किती संतापून लिहिलं होतं. त्या बागेत बायकांना बसायचं होतं, त्यांना आतही घेतलं नव्हतं. आणि यंदा एप्रिल-मेमध्ये सगळा भारत मत देत होता तेव्हा ती इथे टीव्हीसमोर बसून कोथरूडची रांग दिसते का बघत होती. महीन खानुमनी मात्र इथल्या वकिलातीत जाऊन मत दिलं होतं. लिफ्टमध्ये त्यांनी निळं झालेलं बोट दाखवलं होतं, लहान मुलानं मेंदी दाखवावी तसं. त्या मताचं पुढे काय झालं ते झालं. पण बोट तर निळं झालं होतं. चीड नक्की कशाची येतेय हे गिरिजाला समजेना. सुजीतची, कामरानची, की या म्हातारीची, जिनं एवढ्या इमारतीत नेमकं आपलं दार निवडलं, कारण या दारात एक शिकलेली मूर्ख बाई राहते, जी बोलून बसते.

"त्यांना समजाव," सुजीत आवाज उतरवून म्हणाला. त्याचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "मी वाईट माणूस नाहीये, गिरिजा. पण आता माझ्या अंगात नाही परत ते सगळं. शुभ्राला काय सांगू?"

ती बाहेर आली. महीन खानुम जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला, शेजारी बूट. शुभ्रा त्यांच्या मांडीशी रंगीत खडू पसरून बसली होती. सांगायचं काय? उठा? प्रबंधिकेत शेवटच्या प्रकरणात तिनं लिहिलं होतं, की ज्या ब्रिटिशांनी बागेत बसू दिलं त्यांनीच वर्षभरात रशियाशी तह करून इराणची वाटणी ठरवून टाकली, इराण्यांना न विचारता. यजमानांनी आसऱ्याला आलेल्यांना विकलं, असं तिचं वाक्य होतं. सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं होतं, भाषा सौम्य करा. तिनं केली नव्हती. बावीस वर्षांची होती. आता वाटलं, त्या वकिलातीतही कुणी अधिकारी असेल, त्याचीही बदली अडकलेली असेल, बायको असेल, मूल असेल, आणि तोही रात्री कूस बदलत म्हणाला असेल, मी वाईट माणूस नाहीये. हा विचार तिला आवडला नाही. पण गेलाही नाही.

बेल वाजली. सुजीत बेडरूमच्या दारातून पुटपुटला, "तूच उघड. तुझी वकिलात." तिनं उघडलं. कामरान उभा होता, पांढरा इस्त्रीचा शर्ट, दाढी वाढलेली, डोळे लाल. उंबऱ्यापासून चांगला दूर उभा होता, जवळजवळ लिफ्टच्या दारात, जशी काही मधल्या फरशीवर कुणी रेघ ओढली होती. "माफ करा," तो म्हणाला. "माझी आई तुमच्याकडे आहे." हा प्रश्न नव्हता. त्याचा उजवा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. खिशातून काहीतरी तांबूस वर आलेलं दिसत होतं. तो हात तिथेच थबकला. त्याला काही म्हणायचं होतं, आणि म्हणता येत नव्हतं, ओठ नुसते हलत होते. मोठा माणूस दारात असा अवघडून उभा आहे हे गिरिजाला बघवेना. तिच्या आईला बघवलं नसतं, आजीला बघवलं नसतं. दारात आलेल्याला असं ताटकळत ठेवत नाहीत. शिवाय रविवार. शिवाय शेजारच्या दारातलं बाहेर बघायचं काचेचं भिंग. यातलं नक्की कोणतं आधी आलं हे तिला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. तिच्या तोंडून शब्द निघून गेले, "अहो, बाहेर का उभे? या ना आत. चहा घ्या."

कामराननं तिच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याला खरंच कळलं नसावं. मग त्याचा हात खिशावरून खाली आला, खांदे सैल झाले, आणि "तुमची कृपा, त्रास नको" असं दोनतीनदा म्हणत तो आत आला, सोफ्यावर बसला, आईच्या उशीला टेकून. झालं. तिथेच सगळं संपलं होतं, पण गिरिजाला ते चहा उकळताना कळलं, आधण वर येताना. रेघ दिसत होती आपल्याला. तो तिच्या पलीकडे उभा होता. तो द्यायलाच आला होता. ज्याच्याविरुद्ध बस्त घेतली त्याला आत घेऊन चहा पाजत नाहीत. शहाला त्या बागेत कुणी या ना म्हटलं नव्हतं. तोही पाहुणा झाला की दोघं पाहुणे, आणि दोन पाहुणे एकाच घरातले असले, की ती नुसती सुट्टीच्या शुक्रवारची भेट होते.

भेटच झाली. सुजीत बाहेर आला, चिवड्याची बशी आली, पुण्याचा आहे म्हणून आग्रह झाला. कामरान आईशी हळू आवाजात त्यांच्या भाषेत काही बोलला. महीन खानुम खडू गोळा करत राहिल्या. तो पुन्हा बोलला, मग सुजीतकडे वळून त्यानं गोदामातल्या एसीबद्दल विचारलं, उन्हाळ्यात पिस्ते किती तापमानाला ठेवावे, आणि सुजीत हुरूपानं सांगू लागला. शुभ्रानं कामरानला चित्र दाखवलं. "व्हेरी नाइस, हबीबी," तो म्हणाला. त्याच्या खिशातला तांबूस कोपरा आता दिसत नव्हता, आत सरकला होता. चहा संपवून तो उठला. "मामान," तो म्हणाला आणि हात पुढे केला. महीन खानुमनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग गिरिजाकडे. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, भिंतीशी ठेवलेले बूट दारापर्यंत हातात नेले, तिथे घातले आणि म्हणाल्या, "चहा छान होता. तुमचे हात दुखू नयेत." पाहुणी घर सोडताना म्हणते ते वाक्य. तुझे नव्हे, तुमचे म्हणाल्या होत्या का, की इंग्रजीत ते कळतच नाही? गॅसवर भात अर्धा शिजलेला होता. गिरिजानं बटण फिरवलं.

"हुशार आहेस हं," सुजीत लिफ्टचं दार बंद झाल्यावर म्हणाला. त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं. "मला वाटलं आता तमाशा. तू एका चहात मिटवलंस. माणूस तसा चांगला आहे, नाही?"

"तो द्यायला आला होता," ती म्हणाली.

"काय?"

"पासपोर्ट. खिशात होता त्याच्या."

"मग दिला का नाही?"

हे सांगायला कुठून सुरुवात करायची? साखरेपासून? त्याला कळणार नाही असं नाही, त्याला कळेल, आणि कळल्यावर तो म्हणेल, बरंच झालं की मग. तिनं चपला घातल्या. "कुठे?" तो म्हणाला. "गिरिजा, यल्ला, चल आत, वेडेपणा करू नकोस. रविवार होऊन जाऊ दे." जिन्यात भट्टीसारखं ऊन साठलेलं होतं. कठडा हाताला पोळला. वर जाऊन काय म्हणायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. ठरवत बसली असती तर गेलीच नसती.

दार कामराननंच उघडलं. "ओ, मॅडम! बेफर्माईद, या, या." तो बाजूला झाला, हात आत दाखवत. आत टीव्हीवर त्यांच्या भाषेत बातम्या चालल्या होत्या, मोठ्या आवाजात, मध्येच गर्दीचा गलका. महीन खानुम दिसत नव्हत्या. गिरिजाचा पाय उचललाच होता, सवयीनं. तिनं तो मागे घेतला.

"नको. मी इथेच बरी आहे."

"असं कसं? बाहेर किती गरम आहे. चहा तरी—"

"आईंचा पासपोर्ट," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला स्वतःचीच चीड आली. ती पुन्हा म्हणाली.

कामरानचं हसू गेलं नाही, नुसतं वाळलं. "ते आमचं घरचं आहे, मॅडम. तिथे काय चाललंय तुम्हांला माहीत नाही." मग जरा थांबून, अगदी सौम्यपणे, "सुजीत येतोय ना रविवारी?"

"हो," ती म्हणाली. "यायचं आहे त्यांना." आणि गेली नाही. खालून जिन्यात पावलं वाजली, सुजीतची आणि त्यामागून शुभ्राची, आणि पावलं वळणावर थांबली. "मम्मा," शुभ्राचा आवाज आला, "व्हाय आर यू नॉट गोइंग इन?" उघड्या दारातून एसीची गार हवा तिच्या पावलांवर येत होती आणि पाठ जिन्याच्या झळीनं भाजत होती. कामरान दाराची मूठ धरून उभा होता. दारात आलेल्या बाईच्या तोंडावर दार लावणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. "एसी बाहेर जातोय," तो म्हणाला, थोडा वैतागून, थोडा विनवल्यासारखा. "प्लीज. आत या, नाहीतर..." नाहीतर काय ते त्याला सुचलं नाही. ती दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राहिली.

आतल्या खोलीत कुणीतरी टीव्ही बंद केला.